टेक्सासमध्ये स्वतःचा आरोग्य विमा: दहा महिने वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच दिवशी ओपन एन्रोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडायची मुदतही उघडली. संध्याकाळी पूजा आटोपली आणि फराळाची ताटली मांडीवर घेऊन मी आणि नवरा हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी विमा मार्केटप्लेसच्या साइटवर बसलो. लक्ष्मी घरात यायच्या मुहूर्तावर तिला दरमहा किती बाहेर धाडायचं, याचा हिशेब करत.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुमची किती जुळते ते ठरवता येईल. आम्ही डॅलसजवळ राहतो, तिघंही ग्रीन कार्डवर. मी ४६, नवरा ५०, मुलगी तेव्हा १८. जुलै २०२४ मध्ये माझा लेऑफ झाला. त्याआधी १७ वर्षं कंपनीचा विमा होता आणि पगारातून त्याचे किती कापतात हे मी कधी बघितलंही नव्हतं. नवऱ्याचं ऑफिस आठ माणसांचं. पूर्णवेळ माणसं ५० पेक्षा कमी असली की विमा देण्याची मालकावर सक्ती नाही, त्यामुळे तिकडून काही नाही. मी आता सुटी कामं घेते, सॉफ्टवेअर टेस्टिंगची.

लेऑफनंतर घाबरून कोब्रा घेतला. म्हणजे जुनाच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू, पण कंपनीचा वाटाही आपल्याच खिशातून आणि वर २ टक्के. तिघांचे महिन्याला २,२८० डॉलर! नोकरीबरोबर विमा गेला की ६० दिवसांत सरकारी मार्केटप्लेसवर जाता येतं, मधल्या काळात कोब्रा घेतला असला तरीही. हे मला ऑक्टोबरात कळलं, तोवर मुदत सरली होती. त्यानंतर कोब्रा आपणहून सोडला तर वर्षाच्या मधे दार उघडत नाही. म्हणून नोव्हेंबरपर्यंत हप्ते भरत बसलो. कुणाचा लेऑफ झाला असेल तर हा एक परिच्छेद तेवढा आजच वाचून दाखवा.

पुण्याहून आई विचारते, विमाच घ्यायचा ना, मग तारखेची एवढी काय भानगड? भारतात कधीही घेता येतो. खरंय, पण तिथे आधीच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं. मला २०१६ पासून मधुमेह आहे. इथल्या अर्जात आजाराबद्दल एकही प्रश्न नव्हता. वय, पत्ता आणि तंबाखू, एवढ्यावरच दर ठरतो. २०१४ पासून कंपनीला आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही आणि जास्त पैसेही लावता येत नाहीत. मग लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील, म्हणून वर्षातून एकदाच खिडकी उघडायची. १५ डिसेंबरच्या आत घेतला तर १ जानेवारीपासून लागू, १५ जानेवारीपर्यंत घेतला तर १ फेब्रुवारीपासून. आणि पहिला हप्ता भरल्याशिवाय काहीच लागू होत नाही, नुसता प्लॅन निवडून उपयोग नाही.

पहिली चूक मी तिथे पोचायच्या आधीच केली होती. गूगलवर शोधताना सरकारी वाटावी अशा एका साइटवर फोन नंबर टाकला. पुढचे तीन आठवडे दिवसाला पंधरा-वीस फोन. त्यातले बरेच जण जे विकत होते तो धड आरोग्य विमाच नव्हता, दवाखान्यात दाखल झालात तर दिवसाला ठरावीक रक्कम देणारा प्रकार. शेवटी मैत्रिणीने तिचा ब्रोकर दिला. ब्रोकरला पैसे द्यावे लागत नाहीत, त्याचं कमिशन विमा कंपनी देते. माणूस बरा होता, पण त्याच्या यादीत नसलेल्या कंपन्यांबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. म्हणून अर्ज मी स्वतःच भरला.

अर्जातलं खरं अवघड पान उत्पन्नाचं. गेल्या वर्षी काय कमावलं हे ते विचारत नाहीत, पुढच्या वर्षी काय कमवाल हे विचारतात. सुटी कामं करणाऱ्या माणसाने हे कसं सांगायचं? आम्ही खर्च वजा जाता ९२,००० लिहिलं. सबसिडी, म्हणजे हप्त्यातला सरकारचा वाटा, त्या आकड्यावर ठरते आणि थेट विमा कंपनीला जाते. आधीच्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नमध्ये आकडा जवळपास दुप्पट होता, त्यामुळे पुरावा मागणारं पत्र आलं, ९० दिवसांच्या बोलीवर. लेऑफचं पत्र आणि मी स्वतः मांडलेला जमाखर्चाचा एक कागद अपलोड केला. तो पंधरा दिवसांत मान्य झाला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मग प्लॅन. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड ही नावं उपचारांच्या दर्जाची नाहीत. सरासरीने खर्चाचा किती वाटा कंपनी उचलते त्याची आहेत: अनुक्रमे साधारण ६०, ७० आणि ८० टक्के. टेक्सासमध्ये एक गंमत आहे. २०२१ मध्ये इथल्या विधिमंडळाने एक कायदा केला आणि २०२३ पासून बऱ्याच ठिकाणी गोल्ड हा सिल्व्हरपेक्षा स्वस्त मिळायला लागला. उत्पन्न फार कमी असेल तर सिल्व्हरवर वेगळी सूट असते, त्यांनी तोच बघावा. आम्हाला गोल्डचा पूर्ण प्रीमियम, म्हणजे महिन्याचा हप्ता, १,५६० दिसला, सबसिडी जाऊन ५२०. त्याच कंपनीचा ब्राँझ १८५ ला. डिडक्टिबल, म्हणजे कंपनी आपला वाटा उचलायच्या आधी वर्षाला आपण भरायची रक्कम, गोल्डची माणशी १,५००, ब्राँझची ७,५००. आम्ही गोल्ड घेतला.

आणि इथे माझी दुसरी चूक. प्रीमियम, डिडक्टिबल, कोपे (दर व्हिजिटला द्यायची ठरावीक रक्कम) यांची सुंदर एक्सेल शीट केली आणि डॉक्टरांची यादी शेवटी वरवर चाळली. नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या डॉक्टरांचाही काही खर्च देणारा पीपीओ प्रकारचा प्लॅन आमच्या भागात एकही नव्हता, सगळे एचएमओ नाहीतर ईपीओ. म्हणजे नेटवर्कबाहेर गेलात की इमर्जन्सी सोडून सगळं पदरचं. माझ्या जुन्या डॉक्टरीणबाई कंपनीच्या डिरेक्टरीत होत्या. जानेवारीत फोन केला तर म्हणाले, आम्ही हा प्लॅन कधीचाच सोडलाय. कार्डावर कंपनीने परस्पर छापलेला पीसीपी, म्हणजे आधी ज्याच्याकडे जायचं तो नेहमीचा डॉक्टर, ३५ मैलांवर, आणि तो डॉक्टर तिथून केव्हाच गेलेला. बदल करायला अर्जी दिली, तो पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू. आमचा प्लॅन एचएमओ, त्यात स्पेशालिस्टकडे जायला पीसीपीची चिठ्ठी (रेफरल) लागते, त्यामुळे पीसीपी नाही म्हणजे काहीच नाही. जानेवारी पूर्ण असा गेला. फेब्रुवारीत ज्या डॉक्टर मिळाल्या त्या मात्र उत्तम आहेत. ऐकून घेतात, घड्याळ बघत नाहीत.

वार्षिक तपासणी फुकट असते. मी त्या तपासणीत "खांदाही दुखतो हो" म्हणाले आणि त्याची वेगळी व्हिजिट धरली गेली, ३० डॉलर. रक्कम मोठी नाही, पण फुकट तपासणीत तोंड उघडायचं नसतं हे कळलं. नवऱ्याची कोलोनोस्कोपीही फुकट, ती ४५ नंतर करायचीच असते. ती छान झाली, आणि महिन्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांचं ६४० डॉलरचं बिल आलं. स्क्रीनिंगची भूलही त्यातच धरायची असते, असा नियम आहे. तीन फोन, मिळून दोन तासांचं ते संगीत, आणि शेवटी "कोड चुकला होता" म्हणून बिल शून्य. ज्यांना नियम माहीत नाही ते भरून टाकत असणार.

खांद्याचं निघालं फ्रोझन शोल्डर, मधुमेह्यांमध्ये नेहमीचं. एमआरआयला कंपनीची पूर्वपरवानगी लागते. ती अकरा दिवसांनी आली, तोवर मागे केसांत क्लिप लावायलाही मुलगी लागायची. मग फिजिओथेरपीच्या २२ फेऱ्या, प्रत्येकी ३० डॉलर. वर्षाला मर्यादा ३५ ची. आता हात वर जातो, डब्यासाठी वरच्या फळीपर्यंत.

जूनमध्ये मुतखडा. रात्री २ वाजता नवरा घामाने डबडबलेला. घरापासून पाच मिनिटांवर एक चकचकीत दवाखाना आहे, मी आधी तिकडेच वळणार होते. टेक्सासमध्ये अशी सुटी इमर्जन्सी सेंटरं स्ट्रिप मॉलमध्येही असतात. दिसतात अर्जंट केअरसारखी, म्हणजे किरकोळ दुखण्यांच्या दवाखान्यांसारखी, बिल मात्र इमर्जन्सी रूमचं. नशिबाने मुलगी शुद्धीवर होती, तिने नेटवर्कमधलं हॉस्पिटल फोनवर काढलं. सीटी स्कॅन, सलाईन, वेदनाशामक, सकाळी ७ ला घरी. दोन आठवड्यांनी विमा कंपनीचा हिशेबाचा कागद आला: ११,८६०. कागदावर बारीक अक्षरांत "हे बिल नाही" असं लिहिलेलं असतं, ते वाचेपर्यंत मीच इमर्जन्सीत जायची वेळ आली होती. कंपनीने ठरवलेला दर ३,९००. त्यातले पहिले १,५०० आमचे, उरलेल्या २,४०० चे २५ टक्के म्हणजे ६००. एकूण २,१०० भरले.

मग मी गोल्ड घेतला ते शहाणपणाचं ठरलं का, हे नीट मांडून पाहिलं. ब्राँझपेक्षा वर्षाला साधारण ४,००० जास्त हप्ता. मुतखड्यात वाचले १,८००, फिजिओथेरपीत १,७०० च्या वर, स्पेशालिस्टच्या चार व्हिजिटांत चार-पाचशे. म्हणजे एवढं सगळं दुखणं काढूनही जेमतेम बरोबरी! धडधाकट वर्ष गेलं असतं तर ब्राँझ सरळ स्वस्त. तरी मला वाटतं, ब्राँझ असता तर दर खेपेला शंभरावर डॉलर मोजून मी २२ वेळा गेलेच नसते. पाच-सहा फेऱ्यांनंतर "घरीच करते व्यायाम" म्हणाले असते आणि खांदा तसाच राहिला असता. हे शीटमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं मला माहीत नाही.

न मिळालेल्या गोष्टी: दात आणि चष्मा. मोठ्यांचे दात यात नसतातच. माझं रूट कॅनल मी डिसेंबरच्या पुणे वारीसाठी राखून ठेवलंय. आणि मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला ऑस्टिनला गेली. २६ वर्षांपर्यंत ती आमच्या प्लॅनवर राहू शकते, पण आमच्या एचएमओचं नेटवर्क ऑस्टिनपर्यंत पोचत नाही. तिला साधा ताप आला तर युनिव्हर्सिटीचं हेल्थ सेंटर, नाहीतर तीन-साडेतीन तास गाडी हाकत घरी. हे निवडताना आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आणखी एक काम केलं, ते बरं झालं. माझं काम अपेक्षेपेक्षा चांगलं चाललं, वर्षाचा आकडा १ लाखाच्या पुढे जाणार दिसलं, तसं साइटवर कळवलं. हप्ता ५२० चा ६९० झाला. न कळवता राहिलो असतो तर टॅक्स भरताना सगळं एकदम परत द्यायची वेळ आली असती. पाचपैकी साडेतीन तारे देईन. अर्धा तारा डिरेक्टरीने खाल्ला, एक त्या फोनवरच्या संगीताने.

आता पुढचं वर्ष. हे लिहितेय ऑक्टोबर २०२५ मध्ये. २०२१ पासून मिळत असलेली वाढीव सबसिडी या डिसेंबरअखेर संपतेय आणि ती चालू ठेवायची की नाही यावरून वॉशिंग्टनमध्ये सरकारचं कामकाजच १ तारखेपासून ठप्प आहे. काही बदललं नाही, तर २०२६ साठी तिघांच्या कुटुंबाला वर्षाच्या उत्पन्नाची १,०६,६०० ही रेघ. त्याच्या वर एक डॉलर गेला की सबसिडी शून्य. आमच्या गोल्डचा पूर्ण हप्ता पुढच्या वर्षी १,९८० आहे, आणि आमचा उत्पन्नाचा अंदाज १ लाख १० हजार. शिवाय अंदाज चुकला तर परतफेडीला असलेली कमाल मर्यादाही २०२६ पासून गेली. एच-वन (नोकरीच्या) किंवा एच-फोर (त्याच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असाल तर हेही बघून ठेवा: जुलैच्या नव्या कायद्याने २०२७ पासून तुमची सबसिडी बंद होतेय.

त्याच कायद्यात आमच्या कामाची एक गोष्ट सापडली. २०२६ पासून मार्केटप्लेसवरच्या सगळ्या ब्राँझ प्लॅनना एचएसए, म्हणजे उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं, जोडता येईल. कुटुंबासाठी त्यात वर्षाला ८,७५० टाकता येतात आणि तेवढं उत्पन्न हिशेबातून कमी होतं. ते टाकले की आम्ही रेघेच्या खाली येतो. म्हणजे वर्षभर गोल्डची बाजू घेऊन मी आता ब्राँझ घेणार आहे, आणि नवरा हे रोज जेवताना ऐकवतो.

या वेळी शीट उघडायच्या आधी डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन केला, २०२६ मध्ये तुम्ही कुठले प्लॅन घेणार म्हणून. रिसेप्शनवरची म्हणाली, आम्हालाच अजून कळलेलं नाही, १ तारखेनंतर विचारा. फोनमध्ये १ तारखेचं रिमाइंडर लावलं, तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी शनिवार आहे आणि क्लिनिक बंद. ३ तारखेचं केलं.