झोंबींसमोर रायफल की तोफ?

आधी नियम ठरवू: मेंदू शाबूत असेपर्यंत झोंबी चालत राहणार. त्याला वेदना नाहीत, भीती नाही.

रायफलचा निम्मा दरारा इथेच संपतो. लढाईत बऱ्याचशा गोळ्या शत्रूला डोकं वर काढू न देण्यासाठी झाडल्या जातात. झोंबी डोकं खाली घालतच नाही! सैनिकाला छातीवर नेम धरायची सवय, इथे मात्र कवटीच फोडायला हवी. बरं, तो आडोसा घेत नाही, उलटा गोळीबारही करत नाही. त्यामुळे ३० गोळ्यांचं मॅगझिन शांतपणे, एकेक करून वापरलं तर काम होतं. बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक गोळ्या, मारणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

तोफेचं गणित वेगळं. १५५ मिमीचा गोळा साधारण ४३ किलोचा, आत जवळपास ७ किलो टीएनटी हे स्फोटक. स्फोटाचा दाब माणसाची फुफ्फुसं फाडतो, पण झोंबीला श्वास कुठे घ्यायचाय? खरं काम करतात ते पोलादाचे तुकडे. गोळा जमिनीवर फुटला तर बरेचसे तुकडे मातीत जातात, उरलेले पाय तोडतात. झोंबी सरपटत येतोच. प्रॉक्झिमिटी फ्यूज, म्हणजे लक्ष्याजवळ येताच गोळा फोडणारा फ्यूज, लावला तर मात्र गोळा हवेतच फुटतो आणि तुकडे वरून थेट डोक्यांवर बरसतात. १९४४च्या डिसेंबरात, दुसऱ्या महायुद्धात, बेल्जियमजवळच्या आर्देनच्या जंगलात जर्मन पायदळाला याचा चांगलाच तडाखा बसला होता.

मोकळ्या मैदानात, दाट झुंडीवर माझं मत तोफेलाच. गल्लीबोळात, जिन्यावर रायफलच. आणि तोफेनंतर गवतात उरलेले सरपटे टिपायलाही रायफलच लागेल.