फ्रान्समध्ये असिस्टंट: प्राथमिक शाळा की लिसे?

फ्रान्सच्या शाळेत इंग्रजीची असिस्टंट (शिक्षकांच्या मदतीला) म्हणून जायच्या फॉर्मवर प्राथमिक टिक करू की लिसे, म्हणजे तिथलं 15 ते 18 वयाच्या मुलांचं हायस्कूल, असं विचारतेयस ना, तर पगार आणि आठवड्याचे 12 तास दोन्हीकडे सारखेच, तो विषय सोड. खरा फरक दिवसात. प्राथमिकला रंग, आकडे, गाणी, कधी दोन-तीन शाळा वाटून देतात मग जेवणाच्या सुट्टीत बस पकडायची, घसा बसतो, पण पोरं गेटपासूनच "हेलो" ओरडत येतात आणि एकदा केलेली तयारी सगळ्या वर्गांना चालते. बुधवारी बऱ्याच ठिकाणी सुट्टी. लिसेला बहुतेकदा एकच इमारत, अर्धा वर्ग घेऊन नुसतं बोलायचं, पण सोळा वर्षांची पोरं ढिम्म, बोलतं करताना जीव जातो, आणि मधले तास रिकामे. फ्रेंच कच्ची असेल तर लिसेच घे, इंग्रजीच्या शिक्षकांशी निभावतं. लहान मुलं आवडतात, धावपळीचा कंटाळा नाही? मग प्राथमिक.