पॉइंट २२ च्या रेंजवर कानांसाठी काय घ्यावे: इअरप्लग आणि इअरमफ यांचे परीक्षण

पॅरिस येथे २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकल्यापासून आमच्याकडे नवे नेमबाज आणि त्यांचे पालक अधिक चौकशी करू लागले आहेत. रायफल कोणती, जॅकेट कोठे शिवून मिळते, बूट आणि हातमोजे कोणते, हे सारे ते बारकाईने विचारतात. कानांचा विषय मात्र यादीत सर्वांत शेवटी येतो आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या कोणत्याही इअरमफवर, म्हणजे डोक्यावरच्या पट्टीला जोडलेल्या कान झाकणाऱ्या कपांवर, तो मिटवला जातो. मला हे मनापासून खटकते. रायफल बदलता येते, जॅकेट पुन्हा शिवता येते. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केसपेशींवर ऐकणे अवलंबून असते, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आवाजाची पातळी आधी समजून घ्यावी. पॉइंट २२ (०.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलचा आवाज नेमबाजाच्या कानाशी सुमारे १४० डेसिबलच्या घरात पोहोचतो, आणि क्षणिक स्फोटक आवाजासाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी धोक्याची रेषा नेमकी तीच आहे. त्याच काडतुसाच्या पिस्तुलाची नळी आखूड असल्यामुळे आवाज आणखी चढतो. बारा बोअरची बंदूक आणि मोठ्या कॅलिबरची पिस्तुले १५० डेसिबलच्या बरीच पुढे जातात. डेसिबलचे मोजमाप सरळ रेषेत चालत नाही, तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे ‘थोडाच जास्त आहे’ हा दिलासा येथे खोटा ठरतो. शिवाय बहुतेक रेंजवर फायरिंग पॉइंटच्या वर छप्पर असते आणि शेजारच्या लेनमध्ये दुसरा नेमबाज असतो, म्हणजे आपण नेम धरून शांत असतानाही आवाज कानावर आदळतच राहतो. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो व उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे जुन्या नेमबाजांच्या श्रवणचाचणीत डावी बाजू अधिक बिघडलेली आढळते. हा बिघाड बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. बोललेले ऐकू येते, पण गर्दीत शब्द नीट लागत नाहीत, आणि पुष्कळांच्या कानात कायमची शिटी वाजत राहते.

एवढे लक्षात घेतले की आवाज घटवण्याचा सर्वांत जास्त आकडा छापलेले साधन विकत घेण्याचा मोह होतो. माझे मत वेगळे आहे. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथे झोपून) आणि स्टँडिंग (उभे राहून) या तिन्ही स्थितींत प्रत्येकी २०, अशा ६० गोळ्या ९० मिनिटांत झाडाव्या लागतात आणि त्याआधी तयारी व साइटिंगची (नेम जुळवून पाहण्याची) १५ मिनिटे असतात. एवढा वेळ, जाड कॅनव्हासच्या जॅकेटात, एप्रिलच्या उकाड्यात जे साधन हात न लावता जागेवर राहते तेच खरे संरक्षण देते. कानशिले दुखू लागली म्हणून कप क्षणभर उचलला आणि तेवढ्यात शेजारच्याने गोळी झाडली, तर आधीच्या तासाभराच्या काळजीला अर्थ उरत नाही. म्हणून पुढील सर्व साधने मी आधी आरामाच्या कसोटीवर पाहिली आहेत आणि आकडा त्यानंतर.

आकड्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दुकानात त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते. साधन आवाज किती डेसिबलने घटवते हे सांगणारा आकडा अमेरिकी पाकिटांवर एनआरआर आणि युरोपीय पाकिटांवर एसएनआर या नावाने असतो. एकाच साधनाचे हे दोन आकडे वेगळे असतात आणि त्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही. थ्रीएम पेल्टर एक्स४ए या इअरमफचा एनआरआर २७ आहे आणि एसएनआर ३३. एका दुकानातील ३३ पाहून दुसऱ्या दुकानातील २७ नाकारणारा ग्राहक प्रत्यक्षात तीच वस्तू नाकारत असतो. दुसरी गोष्ट अशी, की हे आकडे प्रयोगशाळेत, जाणकारांच्या देखरेखीखाली नीट बसवलेल्या साधनांचे असतात. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ साली सुचवलेल्या हिशेबानुसार प्रत्यक्ष वापरासाठी इअरमफच्या आकड्यातून एक चतुर्थांश, फोमच्या इअरप्लगमधून (कानात घालायच्या बोळ्यांतून) निम्मा आणि इतर प्लगमधून ७० टक्के भाग वजा करावा. हा हिशेब लावला, तर एनआरआर २९ असलेला फोम प्लग साडेचौदावर येतो आणि २७ चा इअरमफ वीसवर राहतो. पाकिटावर मागे असलेली वस्तू कानावर पुढे जाते ती अशी.

फोमच्या इअरप्लगपासून सुरुवात करतो. थ्रीएम ११०० हा नारिंगी, निमुळता प्लग जवळजवळ सर्वत्र मिळतो, अगदी स्वस्त आहे आणि त्याचा एनआरआर २९ आहे. रायफलच्या दस्त्याला तो लागत नाही, चष्म्याच्या काड्यांच्या आड येत नाही, टोपी आणि डोळ्यापुढे लावायच्या ब्लाइंडरला अडथळा करत नाही, आणि उन्हाळ्यात कानाभोवती घामाचे तळे साचू देत नाही. आरामात याला पहिला क्रमांक देण्याची माझी तयारी आहे, पण एका अटीवर: तो घालता आला पाहिजे. बहुतेक जण प्लग बोटाने नुसता ढकलतात. तो कानाच्या तोंडाशी फुगतो आणि अर्धा बाहेर डोकावत राहतो. योग्य पद्धत अशी, की स्वच्छ, कोरड्या बोटांनी तो लाटून सुरकुती न पडता अगदी बारीक करावा, विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून आणून कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला की स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही तळहात कानांवर दाबून सोडावेत. आवाजात फारसा फरक पडला नाही, तर प्लग बसला आहे असे समजावे. लहान मुलांचे आणि कित्येक मुलींचे कर्णमार्ग अरुंद असतात, त्यांना नेहमीचा आकार तासाभरात दुखू लागतो. त्यांच्यासाठी लहान आकाराचे प्लग मिळतात आणि तेच घ्यावेत.

पुन्हा धुऊन वापरता येणारे तीन कंगोऱ्यांचे प्लग, उदाहरणार्थ थ्रीएमचे अल्ट्राफिट, लाटावे लागत नाहीत. त्यांचा एनआरआर २५ आहे. गळ्यात दोरीने अडकवून ठेवता येत असल्याने सराव आणि विश्रांती यांची अदलाबदल असलेल्या दिवशी ते सोयीचे पडतात. मात्र दोरी जॅकेटच्या कॉलरला घासली की तिची खसखस थेट कानात ऐकू येते, आणि नेम धरताना ती फार त्रासदायक वाटते. दोरी काढून टाकावी. ज्यांना महिन्यातून बरेच दिवस रेंजवर काढायचे आहेत त्यांनी श्रवणतज्ज्ञाकडे कानाचा साचा देऊन स्वतःच्या मापाचे प्लग करून घेण्याचा विचार जरूर करावा. खर्च एकदाच होतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत मात्र साचा काही काळाने सैल पडतो, म्हणून त्यांच्यासाठी ही घाई करू नये.

आता इअरमफ. नवख्यासाठी, आणि प्लग नीट बसवण्याचा कंटाळा असलेल्या प्रत्येकासाठी, माझी पहिली पसंती इअरमफलाच आहे, कारण प्रशिक्षकाला तो दुरून दिसतो आणि तो चुकीचा घातला असेल तर लगेच सांगता येते. पेल्टरच्या एक्स मालिकेत एक्स५ए हा सर्वांत दणकट: एनआरआर ३१, वजन ३५१ ग्रॅम. पिस्तुलाच्या नेमबाजासाठी, ज्याचे डोके सरळ असते आणि गालाला काही टेकत नाही, तो उत्तम आहे. रायफलसाठी मी तो सुचवणार नाही. प्रोनमध्ये गाल चीकपीसवर, म्हणजे दस्त्यावरील गाल टेकायच्या भागावर, टेकला, की उजव्या कपाची खालची कड दस्त्यावर येते; कप किंचित वर उचलला जातो आणि कानाच्या पाळीमागे, जबड्याच्या कोपऱ्याजवळ, बोटाच्या नखाएवढी फट पडते. ही फट आरशात दिसत नाही, कारण ती ट्रिगर दाबण्याच्या क्षणीच असते. त्याहून वाईट म्हणजे नेमबाज नकळत मान उचलून कपासाठी जागा करतो, डोळ्याची जागा बदलते, आणि मग गोळ्या एका बाजूला का जात आहेत याचा शोध रायफलमध्ये घेतला जातो.

एक्स४ए मध्ये ही अडचण बरीच कमी होते. कप पातळ आहेत, वजन २३४ ग्रॅम आहे, म्हणजे थोरल्या भावंडापेक्षा शंभराहून अधिक ग्रॅम हलका, आणि संरक्षणात केवळ चार डेसिबलचा फरक आहे. ५० मीटर रायफलसाठी बाजारातील साध्या, बिनबॅटरीच्या इअरमफमध्ये मला हा सर्वांत समतोल वाटतो. त्याच मालिकेतील एक्स१ए, एनआरआर २२ आणि वजन १८४ ग्रॅम, हा १० मीटर एअर रायफलच्या मुलांसाठी पुरेसा आहे. तेथे आवाज पुष्कळच कमी असतो आणि इअरमफचा उपयोग मुख्यतः एकाग्रतेसाठी होतो. एअरची रेंज पॉइंट २२ च्या रेंजला लागून असेल, तर मात्र बाहेर पडतानाही तो कानांवर असू द्यावा.

इअरमफ कोणताही असो, त्याची शक्ती कपाच्या मऊ गादीच्या कडेवर अवलंबून असते. जाड काड्यांचा चष्मा, गादीखाली दबलेली वेणी, टोपीची कड, कानातली रिंग किंवा भिकबाळी यांपैकी काहीही मध्ये आले की फट पडते आणि काही डेसिबल हातचे जातात. नेमबाजीच्या चष्म्यांच्या काड्या तारेसारख्या बारीक असतात, त्यांचा त्रास कमी. दुकानात मिळणाऱ्या जाड प्लास्टिकच्या संरक्षक चष्म्यांचा जास्त. मुलींनी केस मागे, गादीच्या बाहेर बांधावेत आणि कानातले काढून ठेवावेत. मुंबईच्या दमट हवेत गादीखाली घाम साचतो, ती घसरते आणि त्वचा चिघळते. त्यावर उपाय म्हणून कापडी आवरणे वापरतात, पण त्यांनी गादीची पकड थोडी सैल होते, म्हणून मला दोन डिटेलच्या (नेमबाजांच्या पाळ्यांच्या) मधल्या वेळात हातरुमालाने कानाभोवती टिपून घेणे अधिक बरे वाटते. डोक्यावरची पट्टी ताणून सैल करणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. दाब गेला म्हणजे संरक्षणही गेले.

इलेक्ट्रॉनिक इअरमफविषयी विचारणा सर्वाधिक होते. हॉवर्ड लाइट इम्पॅक्ट स्पोर्ट हे त्यातले सर्वांत परिचित नाव. बाहेर लावलेले मायक्रोफोन बोलणे आत पोहोचवतात, आवाज ८२ डेसिबलच्या वर गेला की ते वाढवणे थांबते आणि उरलेले काम कप करतो. त्याला दोन ट्रिपल ए सेल लागतात, आणि बंद करायला विसरल्यास चार तासांनी तो आपोआप बंद होतो. कप पातळ असल्याने दस्त्याला फारसे अडत नाहीत. प्रशिक्षक, रेंज ऑफिसर आणि सोबत उभे राहणारे पालक यांच्यासाठी ही फार चांगली वस्तू आहे, कारण सूचना ऐकण्यासाठी कप उचलण्याची वेळच येत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एनआरआर केवळ २२ असल्यामुळे छपराखाली, शेजारी मोठ्या कॅलिबरचे पिस्तूल चालत असताना त्याच्या आत फोम प्लग घालावा. आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, नियमांनुसार ध्वनी ग्रहण करणारे उपकरण असलेले इअरमफ स्पर्धेत नेमबाजाला वापरता येत नाहीत. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याने सरावही साध्या इअरमफवरच करावा. स्पर्धेच्या सकाळी कानांना अनोळखी शांतता देऊ नये.

प्लग आणि इअरमफ एकत्र वापरल्यास आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात साधारण पाच डेसिबलची भर पडते, आणि कवटीच्या हाडांतून आवाज आत येतच असल्यामुळे त्यापुढे कोणत्याही साधनाला मर्यादा आहे. बारा बोअर आणि मोठ्या पिस्तुलांसाठी ही पाच डेसिबल मोलाची आहेत. मोकळ्या मैदानावरील पॉइंट २२ रायफलसाठी नीट बसलेले एकच साधन पुरते, आणि दोन्ही घालून रेंज ऑफिसरची ‘स्टॉप’ ही सूचना ऐकू न येणे हा सुरक्षिततेचा वेगळाच प्रश्न होऊन बसतो.

एनसीसीच्या फायरिंगला जाणाऱ्या मुलांच्या कानात आजही कापसाचे बोळे दिसतात. कापूस आवाज फारच थोडा अडवतो आणि कान झाकल्याचे खोटे समाधान देतो. एका वडापावच्या किमतीच्या आसपास फोम प्लगची जोडी मिळत असताना कोणत्याही शाळेने किंवा महाविद्यालयाने मुलांना कापसावर सोडू नये.

खरेदीला जाताना आपला चष्मा आणि टोपी बरोबर न्यावी, इअरमफ किमान पंधरा मिनिटे घालून ठेवू देणारे दुकान निवडावे, आणि शक्य असल्यास क्लबमधील एखाद्या सहकाऱ्याचा इअरमफ घेऊन प्रोनमध्ये, गाल टेकवून, तो आधी पाहावा. त्याच्या सुट्या गाद्या मिळतात का हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. गाद्या घामाने आणि उन्हाने कडक होतात, त्यांना चिरा पडतात, म्हणून नियमित वापरात त्या वर्षातून दोनदा बदलाव्या लागतात. ज्या मॉडेलच्या गाद्या येथे मिळत नाहीत ते कितीही आवडले तरी घेऊ नये. फोमचा प्लग मळला किंवा लाटल्यानंतर पूर्ववत फुगेनासा झाला की फेकून द्यावा.