स्वयंपुनर्विकासाच्या नावावर आमच्या सोसायटीचे ३९ लाख ५५ हजार गेले

स्वयंपुनर्विकास म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीने आपली जुनी इमारत स्वतःच नव्याने बांधणं. त्यासाठी आलेल्या सल्लागाराने आम्हाला फसवलं. आधी आकडे सांगते, कारण आकड्यांवरूनच सोसायटीत रोज नवी अफवा उठतेय. बत्तीस फ्लॅटपैकी एकोणतीस जणांनी प्रत्येकी ६५,००० दिले, ते १८,८५,०००. त्यातल्या अकरा जणांनी 'जादा क्षेत्रफळाचं आरक्षण' म्हणून वर प्रत्येकी १,५०,००० दिले, ते १६,५०,०००. सोसायटीच्या सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशातून, ४,२०,००० गेले. एकूण ३९,५५,०००. यात माझे २,१५,००० आहेत. हे मुद्दाम लिहितेय. बी विंगचे चेक मी गोळा केले म्हणून जिन्यात माझ्या पाठीमागे कमिशनची भाषा चालते. बोलणाऱ्यांनी खुशाल घरी यावं आणि माझं पासबुक बघावं.

आमची इमारत मुंबईच्या उपनगरातली, १९७४ ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, गच्ची गळते. बिल्डरचे प्रकार इथे कोणाला समजावून सांगायला नकोत. भाडं सहा महिने येतं, मग बंद होतं, आणि माणसं म्हातारी होईपर्यंत भाड्याच्या घरात राहतात. म्हणूनच आम्ही ठरवलं होतं की बिल्डर नको, आपलं आपण बांधू. ही कल्पना काही हवेतली नव्हती. १३ सप्टेंबर २०१९ ला सरकारने स्वयंपुनर्विकासासाठी शासन निर्णय काढला. मुलुंडला, चारकोपला अशा इमारती उभ्या राहिल्यात, लोक राहायला गेलेत. त्यामुळे 'एवढी हाव कशाला केलीत' असं म्हणणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे: आम्ही फुकटचं काही मागत नव्हतो. बिल्डरच्या हातून सुटण्याचा सरळ रस्ता धरला होता आणि त्याच रस्त्यावर हा माणूस उभा होता.

प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार म्हणून आला. पहिले कित्येक आठवडे त्याने पैशाचं नावही काढलं नाही. त्याला म्हणे सहभाग हवा होता. बायकांची वेगळी बैठक घेतली आणि ओटा किती उंच हवा, धुणं कुठे वाळत घालणार, हे विचारलं. ज्येष्ठांची बैठक घेतली. मुलांकडून 'माझी नवी इमारत' अशी चित्रं काढून घेतली आणि ती हॉलमध्ये लावली. प्रत्येकाची सूचना मोठ्या कागदावर नावासकट लिहिली जायची. या सोसायटीत लग्न होऊन आले तेव्हापासून सर्वसाधारण सभेत आम्ही बायकांनी चहा द्यायचा आणि मागच्या रांगेत बसायचं, एवढंच चाललं होतं. इथे पहिल्यांदा कोणीतरी 'ताई, तुमचं मत सांगा' म्हणालं. पुनर्विकास उपसमितीत माझं नाव आलं. मी मनापासून काम केलं आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज त्या माणसाला वाटायला हवी. आमच्या मनापासूनच्या कामाचा त्याने गळ केला.

ओट्याची उंची आम्ही ठरवली, पण जमीन कोणाच्या नावावर आहे ते बैठकीत कधीच निघालं नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'डीम्ड कन्व्हेयन्सचा आदेश आणतोय, समांतर चालू आहे' म्हणाला. म्हणजे बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी सरकारी आदेशाने ती मिळवायची. कन्व्हेयन्स नसेल तर कर्ज सोडा, नकाशासुद्धा पुढे सरकत नाही. ज्याला हे कळतं तो मुलांची चित्रं नंतर काढून घेतो.

ए विंगमधल्या एका काकांनी भर सभेत मालमत्ता पत्रक, म्हणजे जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, मागितलं होतं. त्यांना लोकांनी अक्षरशः खाली बसवलं. तेच काका आणि आणखी दोघे, एवढ्या तिघांचेच पैसे वाचले.

आता तो चेक. रात्री झोप लागत नाही ती या एका गोष्टीमुळे.

६५,००० कशासाठी, तर डीम्ड कन्व्हेयन्स, छाननी शुल्क, वास्तुविशारद, बँकेचा प्रक्रिया खर्च. पैसे सोसायटीच्या खात्यात घेतले तर ऑडिटमध्ये अडकतील, म्हणून वेगळं एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या अटींवरच पैसे सुटतील असं खातं, उघडलंय, संस्थेच्या सचिवांची आणि ताई, तुमची सही असल्याशिवाय रुपया हलणार नाही, असं तो मला म्हणाला. सचिव शेजारी उभे होते, त्यांनी मान हलवली. त्याने सांगितलं त्याप्रमाणे मी चेकवर त्याच्या फर्मचं नाव आणि पुढे 'एस्क्रो खाते' असं लिहिलं. बी विंगच्या सगळ्यांकडून तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: 'ताई, बँक म्हणते एस्क्रो शब्द नको, नुसतं फर्मचं नाव हवं. आणि खाडाखोड चालत नाही, नवीन चेक लागतील.' खाडाखोडीचा चेक परत येतो, हे खरंच आहे. म्हणूनच ते पटलं. मी जुने चेक फाडले, घरोघर जाऊन नवे आणले आणि त्याच्या हातात दिले.

एस्क्रो खातं असतं तर बँकेने तो शब्द का नाकारला असता? तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं! ज्या एका शब्दावर आमचा भरवसा होता तो त्याने आमच्याच हातांनी काढून घेतला. ते त्याचं साधं चालू खातं होतं. सचिवांची सही नाही, माझी नाही. पण मला सांगा, जो माणूस आमच्या सभेचं इतिवृत्त लिहितो, सिमेंटच्या गोणीचा दर तोंडपाठ सांगतो, आजारी आजींना रिक्षात बसवून देतो, त्याला 'बँकेचं पत्र दाखव' असं त्या क्षणी किती जण म्हणाले असते? तरीही तुम्ही म्हणा. चेक बदलून मागितला की थेट शाखेत जा आणि ते खातं कोणत्या प्रकारचं आहे, सह्या कोणाच्या, ते लेखी मागा. लेखी मिळेपर्यंत दुसरा चेक लिहूच नका.

सह्यांचंही सांगते. हजेरीपटाच्या दुसऱ्या पानावर वर काहीच मथळा नव्हता, नुसते आकडे आणि रेघा. पुढे त्याच पानाच्या माथ्यावर 'संमतीपत्र' छापलं गेलं आणि चोवीस सह्या तयार झाल्या. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, बत्तीस सभासदांत म्हणजे सतराच, त्याच्याकडे सात जास्तच! मथळा नसलेल्या पानावर सही करायची असेल तर वर स्वतःच्या हाताने 'फक्त हजेरी' आणि तारीख लिहा. कोणाला राग आला तर येऊ दे.

'आपण स्वतः बांधतोय, मग रेरा लागत नाही' हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा. विक्रीचे फ्लॅट बाजारात आणायचे असतील तर नोंदणी लागते, मग बिल्डर असो नाहीतर सोसायटी. आणि त्याच्या हिशेबात बारा फ्लॅट विकायचे होते. जादा क्षेत्रफळाचे १,५०,००० त्याने साध्या पावतीवर घेतले, नोंदणीकृत कागद एकही नाही.

पितळ उघडं पाडलं ते त्याच काकांनी. त्यांनी ऑनलाइन मालमत्ता पत्रक काढलं. त्यावर अजून जुन्या बिल्डरचंच नाव होतं. डीम्ड कन्व्हेयन्सचा जो आदेश आम्हाला झेरॉक्समध्ये दाखवला होता तो सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांच्या नोंदीत नाही. कर्जाच्या तत्त्वतः मंजुरीचं त्याने दाखवलेलं पत्र घेऊन बँकेत गेलो, तर असा जावक क्रमांकच नाही. पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात आमचा प्रस्ताव कधी गेलेलाच नव्हता. त्याचं ऑफिस तोपर्यंत रिकामं झालं होतं.

पुढचं तर त्याहून संतापजनक. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नाही. 'तुम्ही स्वखुशीने चेक दिलेत, सेवा करार आहे, हे दिवाणी आहे.' बनावट सरकारी आदेश टेबलावर ठेवला तरी दिवाणी! मूळ प्रत आणा म्हणाले. अहो, मूळ प्रत असती तर बनावट कशाला म्हटलं असतं? उपनिबंधक कार्यालयात वेगळंच: ठराव तुमच्या सभेने केला, सल्लागारावर आमचा अधिकार नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासाबाबत ३ जानेवारी २००९ चे निर्देश आहेत, ४ जुलै २०१९ ला ते सुधारले. सल्लागार नेमताना एकट्याचं दरपत्रक घेऊन भागत नाही, सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती हवी, चित्रीकरण हवं. आमच्याकडे दरपत्रक एकच आणि चित्रीकरण शून्य. हे दाखवलं तर टेबलापलीकडचे साहेब म्हणतात, 'ते निर्देश मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत.' मग काढता कशाला? आम्ही भिंतीवर लावायला? बरं, दाद मागायला नगरसेवक तरी असावा, तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून पालिकेत प्रशासक होता. माजी नगरसेवक मुलांच्या चित्रांना बक्षिसं द्यायला आले होते. आता त्यांचा फोन लागत नाही. आणि आमचे सचिव! मान हलवणारे सचिव म्हणतात, मला वाटलं ताईंनी खातं तपासलंय.

मी का तपासणार? संस्थेचे सही-शिक्के तुमच्याकडे होते.

वकिलांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देते. ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, मुंबईत पोलीस उपायुक्तांकडे, पाठवायची. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. सोसायटीच्या एका अर्जावर विसंबू नका. ज्याचा चेक गेला त्याने स्वतःची वेगळी तक्रार द्यावी आणि चेक वटल्याची प्रतिमा बँकेकडून आत्ताच घेऊन ठेवावी. आम्हा एकोणतीस जणांपैकी अजून नऊ जण सही करायला तयार नाहीत, कारण 'नाव खराब होईल'. त्याने जाताना आणखी दोन सोसायट्यांची नावं घेतली होती, 'तिथेही माझंच काम चालू आहे' म्हणून. आम्ही त्या दोन्ही ठिकाणी गेलो. एका सोसायटीत हॉलच्या भिंतीवर मुलांची चित्रं लावलेली होती आणि चेक पुढच्या रविवारी द्यायचे होते. ते चेक आम्ही थांबवले.