विकायला केलेलं किचन, राबलो त्यात आम्हीच: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

घर पुण्यात कर्वेनगरमधलं, टू बीएचके, २००१ सालची इमारत, तिसरा मजला. किचन ८ बाय १० फूट, एल आकाराचा ओटा. रावेतला नवा फ्लॅट बुक केलेला, ताबा जूनमध्ये मिळणार होता. म्हणून फेब्रुवारीतच जुन्या घराचं किचन नवं करून घेतलं. हेतू एवढाच, की येणाऱ्या गिऱ्हाइकाने नाक मुरडू नये. आपण इथे जेमतेम चार महिने, दिसायला छान झालं की बास, असं मी नवऱ्याला दहादा तरी ऐकवलं असेल.

ताबा लांबला. चाराचे चौदा महिने झाले आणि परक्यांच्या नजरेसाठी निवडलेल्या कपाटांत आमचाच रोजचा स्वयंपाक होत राहिला. पावसाळा, गणपती, दिवाळीचा फराळ, सासूबाईंची वर्षभराची हळद-तिखटाची साठवण, सगळं त्यात निघालं. त्यामुळे 'विकायच्या घरात कुठल्या स्टाईलचं किचन करावं' या प्रश्नावर मी आता दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

पूर्वी ओट्याखाली कडाप्प्याचे, म्हणजे काळ्या दगडी फरशीचे, उभे-आडवे कप्पे, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे चॉकलेटी लॅमिनेटचे फ्रंट होते. पुण्यातल्या त्या काळच्या बहुतेक घरांत असतं तसंच. फ्रंटच्या कडा सुटलेल्या, दोन ट्रॉल्यांची सरकायची चॅनेल अडकायची, पण कडाप्पा ठणठणीत. पहिला वाद इथेच झाला. किचनवाल्या दुकानात सांगितलं, कडाप्पा सगळा फोडा, प्लायचे बॉक्स येतील, 'प्रॉपर मॉड्युलर' दिसेल. आमचे मिस्त्री राजस्थानचे, पुण्यात वीस वर्षं झालेली. ते म्हणाले, "भाभी, सिंक के नीचे का पत्थर मत तोडो. पानी नीचे से ही चढता है." मग मधला मार्ग काढला. सिंकखालचा आणि त्याच्या शेजारचा कडाप्पा ठेवला, बाकीचा काढून १८ मिमी प्लायचे बॉक्स केले. कडाप्प्याच्या कप्प्याला बिजागऱ्या थेट बसत नाहीत, पुढे प्लायची चौकट मारावी लागते. शिवाय जुने कप्पे मापात नसतात, तयार बास्केट १५, १७, १९, २१ इंची येतात, त्यामुळे दोन-दोन इंच जागा वाया जाते. तेवढं सोसलं.

आता स्टाईल. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने फोटो पाठवले, तिकडे घर विकायला काढलं की पांढरं शेकर किचन करतात म्हणे. शेकर म्हणजे दाराला चारी बाजूंनी पट्टीची चौकट आणि मधला भाग आत दबलेला. मूळ तिकडच्या शेकर नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या फर्निचरचं हे वळण. अस्सल शेकर दार लाकडाच्या पाच तुकड्यांचं जोडकाम असतं. आपल्याकडे परवडणारं शेकर म्हणजे एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या, एका पाटीवर मशीनने खोबण पाडायची आणि वरून पीव्हीसीची फॉईल गरम करून दाबून चिकटवायची. यालाच मेंब्रेन म्हणतात. दिसायला सुरेख, एकही जोड दिसत नाही. मी भाळले. वरची सहा दारं पांढरी शेकर मेंब्रेन, खाली सपाट बदामी लॅमिनेट, स्वेड म्हणजे न चकाकणारं फिनिश, आणि फ्रिजशेजारच्या उंच कपाटाला काळ्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये आरपार काच. तीन स्टाईल एकाच किचनमध्ये. फोटोत फार छान आलं.

पहिला महिना कौतुकात गेला. एप्रिलपासून खोबणी बोलायला लागल्या. शेकरच्या दाराला खालची जी आडवी पट्टी असते, तिच्यावर आतल्या बाजूने एक बारीकशी पायरी तयार होते. फोडणीची वाफ वर जाते, दारावर बसते, आणि पोळ्या लाटतानाचं उडणारं पीठ तिच्यावर. चिमणी चालू असली तरी. आठ दिवसांत त्या पायरीवर पिवळट चिकट थर. फडकं कोपऱ्यात पोचत नाही. जुना टूथब्रश, कोमट पाणी, भांड्यांचा साबण, दर शनिवारी सहा दारं. चार कोपरे प्रत्येकी, म्हणजे चोवीस कोपरे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "देवघरातली समई घासायला मला एवढा वेळ लागत नाही गं."

खरी फजिती दिवाळीत. चकल्या आणि अनारसे एकाच दिवशी काढले, कढई तीन तास उतरली नाही. चिमणीच्या उजव्या हाताचं दार. दुसऱ्या दिवशी पुसताना खालच्या कडेची फॉईल नखाला लागली. लग्नपत्रिकेच्या पाकिटाची कड सुटते तशी. मी बोटाने दाबली, तर परत उठली. आठवडाभरात वीतभर सुटली आणि आतला तपकिरी एमडीएफ दिसायला लागला. ज्या उष्णतेने ती चिकटवतात, त्याच उष्णतेने ती सुटते, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. दुकानदाराचं म्हणणं असं, की शेगडीजवळ मेंब्रेन टिकत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांत मी नव्हते. शेवटी चिमणीच्या दोन्ही बाजूंची दारं मिस्त्रींकडून सपाट पांढऱ्या लॅमिनेटची करून घेतली. रंग जवळपास जुळला, पण चार दारांना खोबण आणि दोन सपाट, हे उघड दिसायचं. घर बघायला एकूण एकोणीस कुटुंबं येऊन गेली. 'ही दोन दारं वेगळी का', हे फक्त दोघांनी विचारलं. ज्या स्टाईलसाठी मी सपाट लॅमिनेटपेक्षा साधारण दीडपट पैसे मोजले, तिची ही किंमत.

काचेच्या कपाटाची वेगळीच तऱ्हा. आत लावायला एकसारख्या बारा बरण्या आणल्या. पण घरात अर्धं पाकीट शेव असते, रबर लावलेला रवा असतो, कुणीतरी कोकणातून आणलेली आमसुलं दुधाच्या पिशवीत बांधलेली असतात. एजंटचा फोन आला, "मॅडम, अकरा वाजता पार्टी घेऊन येतो", की मी साडेदहाला ही सगळी पाकिटं उचलून बेडच्या बॉक्समध्ये टाकायचे. एकदा तिथेच राहिली आणि मुंग्या झाल्या. काच हवीच असेल तर रेघांची किंवा धुरकट घ्या. आरपार काच फक्त ज्यांच्या घरी स्वयंपाक होत नाही त्यांच्यासाठी.

खालच्या ड्रॉवरना हँडलऐवजी इंग्रजी 'G' प्रोफाइल होतं, म्हणजे वरच्या कडेला बोटं घालून ओढायची खाच. स्वच्छ, सरळ रेषा दिसते. आमच्या त्या खाचेत कोथिंबिरीची पानं, पोह्यांचे दाणे आणि ओट्यावरून ओघळलेलं पाणी जमायचं. आणि सासूबाईंची बोटं सांधेदुखीने वाकत नाहीत, त्यांना तांदळाचा भरलेला ड्रॉवर ओढताच यायचा नाही. जूनमध्ये दोन मोठ्या ड्रॉवरना साधी डी आकाराची स्टीलची हँडल मारली. दिसायला थोडं विजोड झालं, पण त्या दिवसापासून भांडणं थांबली.

बदामी लॅमिनेटबद्दल मात्र तक्रार नाही. हळदीचा डाग पडला तर दिसतो, पण त्याच दिवशी पुसला तर जातो. तेलाचे हात उमटत नाहीत. माझ्या जावेकडे गडद राखाडी मॅट आहे, तिच्याकडे प्रत्येक बोट उमटतं. तिची बहीण चकचकीत अ‍ॅक्रेलिकवाली, तिच्याकडे घासणीचे ओरखडे उजेडात दिसतात. यापेक्षा खास सांगण्यासारखं बदामी रंगात काही नाही, आणि विकायच्या घरात हाच त्याचा गुण.

आता सिंकखालच्या कडाप्प्याची गोष्ट, कारण या सगळ्या प्रकरणात मला शाबासकी मिळाली ती तेवढ्यावरच. गणपतीला आम्ही साताऱ्याला गेलो होतो. परत आलो तर सिंकच्या पाईपचा जोड सुटलेला, कप्प्यात पाणी, बाहेर फरशीवर ओघळ. दोन दिवस साचलेलं असणार. कडाप्पा पुसला, दार उघडं ठेवून पंखा लावला, संपलं. दाराच्या खालच्या कडेची पट्टी चार बोटं सुटली, ती चिकटवली. शेजारचा प्लायचा बॉक्सही तगला, कारण तो पीव्हीसीच्या पायांवर चार इंच वर होता आणि प्लाय पाण्यात टिकणारा, आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे मरीन, घेतला होता. खालच्या मजल्यावर त्याच महिन्यात तसाच पाईप गळला. त्यांचे बॉक्स पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे; तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगला आणि दार लागेनासं झालं. चार महिन्यांसाठीच तर आहे म्हणून मीही आधी तोच बोर्ड घेणार होते. मिस्त्रींनी अक्षरशः भांडून मला परावृत्त केलं. त्यांनी आणखी एक केलं, लॅमिनेट चढवण्याआधी प्लायवरच्या शिक्क्याचे फोटो मला काढायला लावले. "बाद में कोई पूछेगा."

आणि विचारलं! घर बघायला येणारी माणसं किचनमध्ये काय करतात हे मी चौदा महिने दाराशी उभी राहून पाहिलं. तरुण जोडपी वर बघतात, दिवे, चिमणी, काच. फोटो काढतात, "नाइस" म्हणतात आणि परत येत नाहीत. त्यांचे आई-वडील खाली बघतात. मिक्सरचं प्लग कुठे, पिण्याचं पाणी कुठे, गॅसची पाइपलाइन आहे की सिलिंडर, देव्हारा बसेल का, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला होतं का. एका काकांनी बॉक्सच्या आत टकटक करून विचारलं, "मरीन आहे की कमर्शियल?" मी फोनमधले शिक्क्याचे फोटो दाखवले. पुढची पंधरा मिनिटं ते घराच्या भावाबद्दल काही बोललेच नाहीत. घर त्यांनी घेतलं नाही, पण मला त्यांचा आदर वाटतो. एका मालवणी बाईंनी पांढऱ्या दारांकडे बघून सरळ सांगितलं, "आमच्याकडे रोज मासे. हे सहा महिन्यांत पिवळं होईल." ओटा मी बदललाच नाही, जुनाच काळा ग्रॅनाईट पॉलिश करून घेतला. त्यावर दोघा-तिघांनी वास्तूमुळे कुरकुर केली, पण ओटा फोडून राडारोडा तीन जिने उतरवण्यापेक्षा ती कुरकुर स्वस्त होती.

पैशाचं. सगळं मिळून २ लाख ६० हजार गेले, नंतरची दारं आणि हँडल धरून. किचनमुळे घराची किंमत वाढली का? एजंट प्रामाणिक माणूस, तो म्हणाला, "भाव एरियाचा मिळतो मॅडम, किचनचा नाही. फक्त 'किचनचं काम काढावं लागेल, तीन लाख कमी करा' हे वाक्य बंद होतं." तसंच झालं. बिलं मात्र जीएसटीची पक्की घ्या आणि पैसे बँकेतून द्या. सुतारकामात बिनबिलाचा भाव हमखास सुचवला जातो. आमच्या सीएंनी सांगितलं, की घर विकल्यावर भांडवली नफ्यातून घरातल्या सुधारणेचा खर्च वजा मागता येतो, पण कागद हवा, आणि रंगरंगोटी किंवा किरकोळ दुरुस्ती त्यात सहसा धरत नाहीत. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के सरळ किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून), असे दोन हिशेब करून कमी बसेल तो कर भरता येतो. किचनमधलं काय धरायचं आणि काय नाही, हे तुमच्या सीएंनाच विचारा, आमच्या बिलातली शेगडी-चिमणी त्यांनी बाजूला काढली.

ज्यांनी शेवटी घर घेतलं ते निवृत्त जोडपं, लेकीबरोबर आलेले. काका गॅलरीत सोसायटीच्या पार्किंगचं विचारत होते. काकू आल्या त्या थेट सिंकपाशी उकिडव्या बसल्या. दार उघडलं, हात घालून मागचा पाईप चाचपला, बोटं नाकाशी नेली. वास नव्हता. मग ताटांची ट्रॉली ओढून चॅनेलवरून बोट फिरवलं. शेकर दारांकडे त्यांनी बघितलंही नाही. उठल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि वरचं एक दार उघडून हात वर केला. चार फूट दहा इंचांच्या असतील. पहिल्या फळीवर हात पोचला, दुसरीवर नाही. "इथे काय, वर्षाचे पापडच ठेवायचे," म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना आपणहून सांगितलं, चिमणीजवळची दोन दारं का बदलली ते. उरलेली चारही त्या जागेपासून लांब आहेत, पण मोठी कढई चढवलीत तर वरची दारं उघडून ठेवू नका, हेही.

एप्रिलमध्ये किल्ल्या दिल्या. बदामी लॅमिनेटचा दोन बाय तीनचा तुकडा उरलेला, कडेच्या पट्टीची गुंडाळी आणि बिजागऱ्या आवळायचा स्क्रू ड्रायव्हर एका पिशवीत घालून माळ्यावर डाव्या कोपऱ्यात ठेवून आले. काकूंचा हात पोचणार नाही, म्हणून काकांना दाखवून ठेवलंय.