खांबाला खोळ घातली, त्याला अकरा महिने झाले

तीन खांब, तीन तऱ्हेची आवरणं आणि मध्ये एक अख्खा पावसाळा. पहिल्या आठवड्यात मी आल्यागेल्याला हाताला धरून खांब दाखवत होतो. तेव्हा हे लिहायला बसलो असतो तर तिन्हींना पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं, बसलो नाही.

खांब कसले ते आधी सांगतो. बैठकीच्या खोलीत गोल लोखंडी पाईप, बाहेरचा व्यास ११४ मिमी, वर तुळईला टेकलेला. तसाच दुसरा जिन्याच्या कडेला. तिसरा बाहेर व्हरांड्यात, चौकोनी नळीचा, ऊन-पाऊस खाणारा. तिन्ही भार पेलणारे, त्यामुळे त्यांना भोक पाडायचं नाही, वेल्डिंग लावायचं नाही आणि कापायचा तर विचारही करायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. खोळ खांबाभोवती उभी राहिली पाहिजे, खांबाला लटकता कामा नये. बैठकीतल्याला प्लायवुडची चौकोनी पेटी केली, जिन्यापाशी लाकडी पट्ट्यांची गोल गुंडाळी आणि बाहेर पीव्हीसी फोम बोर्ड, म्हणजे प्लास्टिकचा हलका बोर्ड.

पेटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण शिकलो ते तिथेच.

कागदावर मी पेटी ३०० मिमी रुंद काढली होती. खांब म्हणजे कसा भरभक्कम दिसला पाहिजे, असं डोक्यात. ग्रीसमधल्या पार्थेनॉन मंदिराचे खांब सुमारे १०.४ मीटर उंच आणि तळाशी १.९ मीटर जाड, म्हणजे जाडीच्या साडेपाच पट उंची. मग माझा २.६ मीटरचा खांब ३०० मिमी केला तरी सडपातळच की! प्लाय कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून उभा केला हे नशीब. खोलीत कुणीतरी कपाट आणून ठेवल्यासारखं वाटलं. नाकापेक्षा मोती जड. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कमी करत करत १९० मिमीवर आलो आणि तिथे डोळा थांबला. ग्रीक मंदिराची मापं मंदिराला, बुटक्या छताच्या खोलीला नाहीत. पुठ्ठ्यावर गेलेला तो एक दिवस या सगळ्या उद्योगातला सर्वांत कारणी लागलेला दिवस.

१८ मिमीचा प्लाय, म्हणून आतली पोकळी १५४. पाईपच्या भोवती २० मिमी मोकळे. एवढी जागा कशाला वाया घालवायची असं वाटलं होतं, पण ओळंबा सोडला तर पाईप वर जाईतो ९ मिमी कललेला. पेटी पाईपला घट्ट बसवली असती तर तीही तशीच कलली असती, आणि पाईपचा कल डोळ्याला कळत नसला तरी धारदार कोपऱ्याच्या पेटीचा लगेच कळतो. मोकळ्या जागेमुळे पेटी ओळंब्यात उभी राहिली, आतला पाईप कलला तर कलू दे.

चारही कोपरे ४५ अंशांत कापले. एका फळीवर करवतीचं पातं अर्ध्या अंशाने चुकलं, समोरच्या फळीवरही तेवढंच, तर १८ मिमीच्या प्लायला जवळपास अर्ध्या मिलिमीटरची फट पडते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गडद रंग दिलेला कोपरा उजेडात बघावा. यावरची युक्ती एका जुन्या सुतारांनी सांगितली: पातं ४५च्या किंचित पुढे ठेवायचं. मग बाहेरची टोकं आधी भिडतात आणि फट आतल्या बाजूला जाते, जिथे ती कुणाला दिसत नाही. चार फळ्या पालथ्या-उताण्या करून चिकटपट्टीने जोडायच्या, खाचांत डिंक भरायचा आणि कागदाच्या खोक्यासारखी घडी घालायची, ही पद्धत उत्तमच आहे, फक्त खांब आधीच उभा असेल तर चारही बाजू आधी चिकटवून चालत नाही. खांबावर पेटी घालणार कुठून? म्हणून तीन बाजू जमिनीवर चिकटवल्या, ती पन्हळ खांबाला कवेत घेऊन उभी केली आणि चौथी फळी जागेवर लावली.

ही चौथी फळी हा घरातला वादाचा विषय. मी ती चिकटवली नाही. आतून दोन उभ्या पट्ट्या ठोकल्या आणि फळी त्यांवर सहा स्क्रूंनी बसवली, डोक्याखाली पितळी वाटीसारखे वॉशर. घरच्यांचं म्हणणं, एवढी सुबक पेटी करून दर्शनी बाजूला स्क्रू कशाला दाखवायचे, पुट्टी भरून रंगवून टाक. मी हट्टाने ठेवले. खरं सांगायचं तर थोडा आळसही होता.

पावसाळ्यात छताजवळ पिवळट डाग दिसला. सहा स्क्रू काढले, दहा मिनिटांत फळी हातात. वरच्या मजल्यावरची ओल तुळईवरून वाट काढत पाईपवरून खाली उतरत होती, आणि पाईपवर वीतभर लांबीचा ताजा गंज. वरची गळती बंद केली, तारेच्या ब्रशने गंज खरवडला, झिंकचा प्रायमर दिला, आठवडाभर फळी उघडीच ठेवून आतलं सगळं वाळू दिलं. तेव्हापासून ती फळी आणखी दोनदा निघाली: एकदा दिव्याची वायर नळीतून न्यायला आणि एकदा उगीच, गंज परत आला का ते बघायला. आला नव्हता. स्क्रूंबद्दल घरात आता कुणी काही बोलत नाही.

आता चूक. पेटी तयार झाल्यावर खांबाशी नेली आणि लक्षात आलं, पाईपच्या तळाला २०० मिमीची चौकोनी लोखंडी प्लेट आहे, वर चार बोल्ट आलेले. माझी पेटी बाहेरून १९०. पाईपचा व्यास मोजला, उंची तीन ठिकाणी मोजली, आणि पायाखालची प्लेट मोजली नाही! मग घाईघाईने प्लेट झाकणारी वेगळी बैठक केली, बाहेरून २५० मिमी, उंची १२०, आणि पेटी तिच्या आतल्या आडव्या पट्ट्यांवर टेकवली. दिसायला उलट छान झालं. खांबाला पाया असल्यासारखं वाटतं, लोक मुद्दाम तसं केलंय समजतात आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

पण घाईत ती बैठक हाताशी उरलेल्या एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची केली. वरून तीन हात रंग दिला. खालची कड, जी फरशीला टेकणार, ती तशीच कोरडी. एमडीएफचा सपाट भाग बराच सोशिक असतो, पण कापलेली कड पाणी शोषते. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जायची, कडेला थोडं पाणी साचायचं. चौथ्या महिन्यात रंगाला बारीक सुरकुती आली, सहाव्यात तळ फुगून १८चा २१ मिमी झाला. फुगलेलं एमडीएफ पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, वाळवा, दाबा, काहीही करा. शेवटी खालचे ३० मिमी कापून काढले आणि तिथे पीव्हीसीची पट्टी बसवली, फरशीपासून ३ मिमी वर. त्यानंतर त्रास नाही. नवी करायची झाली तर तळाला एमडीएफ लावणारच नाही. लावलंच तर खालच्या कडेला आधी प्रायमरचे दोन हात.

वरच्या टोकालाही पेटी छतापासून ६ मिमी खाली थांबवली आहे. ही फट झाकणारी नक्षीपट्टी पेटीला ठोकली, छताला नाही. तुळई भाराखाली किंचित वाकते, तिचं कामच ते. पेटी फरशी आणि तुळई यांच्यामध्ये ठोकून घट्ट बसवली तर पाईपचा थोडा भार पेटीवर येणार, आणि १८ मिमीचा प्लाय तो पेलायला बसवलेला नाही. कोपऱ्याचे सांधे उकलतात किंवा फळी मधून बाहेर येते. अकरा महिन्यांत माझे कोपरे एकाही ठिकाणी उकलले नाहीत. प्लाय लाकडासारखा आडवा फुगत-आकसत नाही, हेही त्यामागे आहे. सबंध लाकडाच्या रुंद फळ्या ४५च्या सांध्यात जोडल्या असत्या तर ऋतू बदलताना सांधा उघडण्याची भीती जास्त होती.

जिन्यापाशी पट्ट्यांची गुंडाळी. २० मिमी रुंदीच्या अर्धगोल पट्ट्या जाड कापडावर शेजारीशेजारी चिकटवायच्या आणि चटईसारखं खांबाला गुंडाळायचं. पाईपचा घेर ३५८ मिमी, १८ पट्ट्यांचे ३६०. वाटलं, गणित जमलं. कापड आणि डिंक मिळून मिलिमीटरभर जाडी वाढते आणि तिच्यामुळे घेरही वाढतो, हे गुंडाळल्यावर समजलं. मागे सात-आठ मिमीची फट राहिली, तिथे एक बारीक पट्टी तासून भरली. भिंतीकडची बाजू आहे, कुणी बघत नाही. मी मात्र जिना चढताना दर वेळी बघतो.

पहिल्या दिवशी तिन्हींत सर्वांत देखणा हाच होता. आज सर्वांत नकोसा. पट्ट्या सपाट पायाच्या आणि खांब गोल, त्यामुळे बाहेरून प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये खोल खाच, आणि अशा १८ खाचा छतापर्यंत. धूळ तिथे जाऊन बसते ती फडक्याने निघत नाही. जुना रंगाचा ब्रश घेऊन एकेक खाच झाडावी लागते. उजेड तिरका आला की धुळीच्या रेघाच आधी दिसतात. पण त्याहून मोठी चूक म्हणजे कापड थेट पाईपवर डिंकाने चिकटवलं. आत काय चाललंय ते दिसायचा मार्गच उरला नाही. बैठकीतल्या खांबावर गंज मिळाल्यापासून मी या खांबावर बोटाने ठकठक करत असतो. त्याने काय कळणार आहे, देव जाणे.

व्हरांड्यातल्या पीव्हीसीबद्दल थोडक्यात. पाण्याला हा बोर्ड एकदम खणखणीत: पावसाळाभर झोडपला गेला, एक पोपडा नाही, फुगवटा नाही, वाळवीचा प्रश्न नाही. पण उन्हाने लांबतो. मीटरला प्रत्येक अंशामागे साधारण ०.०६ मिमी, म्हणजे २.४ मीटरची फळी पहाट ते दुपार २५ अंश तापली तर साडेतीन मिमीच्या आसपास वाढते. मी वर-खाली मिळून १२ मिमी जागा सोडली होती, ती पुरली. चुकलो रंगात. दरवाजाशी जुळावा म्हणून गडद तपकिरी दिला, आणि गडद रंग ऊन पितो. दक्षिणेकडची फळी दुपारी हात लावू देत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात ती मधोमध किंचित बाहेर आली. एका कोपऱ्यातला सांधाही सुटला, तो मात्र माझ्या अज्ञानाने: लाकडाचा पांढरा डिंक वापरला होता, पीव्हीसीला तो धरत नाही. पीव्हीसी विरघळवून जोडणारा सिमेंट लावल्यावर सांधा पक्का झाला. फळी फिकट राखाडी केली. फुगवटा निम्मा गेला, निम्मा राहिला.

बाहेरच्या खोळीत तळाला १० मिमी फट आणि टोपीखाली जाळी लावलेली भोकं ठेवली होती. आत पाणी जाणारच. आलेलं बाहेर पडलं पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे, नाहीतर खोळीतला खांब उघड्या खांबाच्या आधी गंजतो. वरची जाळी ठीक, खालच्या फटीला जाळी लावायची राहिली. तिथून गांधीलमाश्या शिरल्या आणि आत घर केलं. संध्याकाळी खोळीला कान लावला तर आतून गुणगुण ऐकू यायची. ते प्रकरण कसं निस्तरलं ते लिहीत नाही, पण आता खालीही जाळी आहे.

कुणी विचारलं तर प्लायची पेटी मी डोळे मिटून पुन्हा करीन, याच मापाची, याच स्क्रूंची. पीव्हीसीही करीन, रंग पांढरा. इमारतीतल्या लोखंडी खांबावर आगीपासून संरक्षणाचा जाड लेप असेल तर तो खोळीसाठी खरवडायचा नाही, एवढं जाताजाता. माझ्याकडे तसा लेप नव्हता.

जिन्याजवळच्या पट्ट्या पुढच्या मोठ्या सुट्टीत उतरवायच्या ठरवल्यात. डिंक किती जिद्दी आहे ते तेव्हा कळेल. या वेळी खालची प्लेट मोजून ठेवली आहे, १८० मिमी, आणि पुठ्ठा आणून जिन्याखाली उभा केलाय.