ओडेसा की मॅसिलॉन: पाहुण्या संघाची खरी परीक्षा कुठे?

अमेरिकेत शाळकरी पोरांच्या अमेरिकन फुटबॉलला शुक्रवारी रात्री हजारोंची गर्दी लोटते. पाहुण्या संघाचा घाम काढणारी तिथली दोन मैदानं म्हणजे टेक्सासमधल्या ओडेसाचं रॅटलिफ स्टेडियम आणि ओहायोतल्या मॅसिलॉनचं पॉल ब्राउन टायगर स्टेडियम.

रॅटलिफ १९८२ चं. आजूबाजूला तेलविहिरी आणि सपाट माळरान. टेक्सासच्याच पश्चिम टोकाच्या एल पासोहून यायचं तर साडेचारशे किलोमीटरचा बसप्रवास, म्हणजे पोरं उतरतात तीच आखडलेल्या पायांनी. वर परमियन हायस्कूलचे काळ्या कपड्यातले समर्थक 'मोजो, मोजो' करून डोकं उठवतात. पण हे मैदान ओडेसा हायस्कूलचंही आहे, त्यामुळे गावाची निष्ठा दोन शाळांत वाटली जाते.

मॅसिलॉनमध्ये अशी वाटणी नाही. गावाची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास, स्टेडियम सोळा हजारांहून जास्त प्रेक्षकांचं. हिशेब तुम्हीच करा! इथे मुलगा जन्मला की पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची जुनी रीत. एकेकाळी मैदानाच्या कडेला वाघाचा जिवंत बछडाही आणत (मला हे काही पटत नाही, पण पाहुण्यांची टरकत असणार). शेजारच्या कॅंटन गावातल्या मॅककिन्ली हायस्कूलशी वैर १८९४ पासूनचं. अशा सामन्यात क्वार्टरबॅकने (हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूने) ऐनवेळी ओरडून चाल बदलली, तर शेजारच्या खेळाडूलाही ऐकू जाणं कठीण.

माझं मत विचाराल तर मॅसिलॉनच जास्त अवघड. ओडेसाचा प्रवास एक दिवस आधी निघून सोसता येतो.